मूठ सुटते तेव्हा

२ फेब्रुवारी, दुपार

चि. ठमीस अनेक आशीर्वाद.

पाकीट फाडलंस, आता पत्र फाडू नकोस. अक्षर ओळखून नाक मुरडलं असशील, ते मुरडलेलंच राहू दे, पण वाच. तीन वर्षं तू या घराशी बोलत नाहीस, त्याबद्दल मी आज एक अक्षर काढणार नाही. मी आज एक आवाज ऐकला, आणि तो कुणाला तरी सांगितल्याशिवाय मला घास गिळवेना. सूनबाईला सांगून उपयोग नाही, कारण तिनेच तो ऐकवला. लेकाला सांगितलं तर तो म्हणाला, "हो बाबा, माहीत आहे." हृदयाच्या डॉक्टरला काहीही सांगायला जा, त्याला ते माहीतच असतं! उरलीस तू.

माझ्या स्वतःच्या हृदयाचा आवाज गं! धडधड नव्हे. धडधड काय, जिना चढला की कुणालाही ऐकू येते.

झालं असं, की सूनबाईच्या प्रयोगशाळेत निरोगी म्हातारे हवे होते. ते लोक हृदयाच्या मांसातल्या अगदी बारीक रक्तवाहिन्यांचा अभ्यास करतात. आजारी माणसांशी ताडून बघायला धडधाकट माणसं लागतात, आणि या वयातली धडधाकट माणसं काही रस्त्यावर पडलेली नसतात. मला म्हणाली, "बाबा, तुम्ही याल?" मी शर्टाची बटणं तिथेच काढायला लागलो.

अंधारी खोली, पडदा ओढलेला, उंच पलंग. मला डाव्या कुशीवर निजवलं, छातीला गार गार चिकट काहीतरी लावलं आणि त्यावर एक ठोकळा टेकवून ती फासळ्यांमधून वाट शोधायला लागली. समोर यंत्राचा काळाकरडा पडदा. मला वाटलं, धुक्यात कुणीतरी हात हलवतंय. तेवढ्यात तिने तो ठोकळा जरासा तिरका केला आणि त्या धुक्यात एक लाल रेघ उमटली. उमटली, मिटली. उमटली, मिटली. तिने बटण फिरवलं आणि आवाज आला: हूऽऽश. मग शांत. पुन्हा हूऽऽश.

आता गंमत ऐक. माझं एक बोट मनगटावर होतं, सवयीने. नाडीचा ठोका पडायचा तेव्हा ती रेघ जवळजवळ दिसेनाशी व्हायची, आणि ठोका ओसरला की हूऽऽश!

मी म्हटलं, "सूनबाई, तुझं यंत्र उलटं लागलंय."

ती हसली. "यंत्र बरोबर आहे बाबा, हृदयच उलटं आहे. हा स्पंज घ्या. मुठीत आवळा. आता त्यात पाणी शिरेल?"

"कसं शिरेल?"

"मग कधी शिरेल?"

"मूठ सोडली की."

"तेच. हृदय आवळतं तेव्हा सगळ्या अंगाला रक्त पाठवतं, पण त्याच्याच मांसातल्या बारीक वाहिन्या त्या वेळी चेपल्या जातात. डावीकडच्या जोरकस भिंतीत तर फारच. ते सैल पडलं की त्या फटकन उमलतात आणि त्याला स्वतःचं रक्त मिळतं. सगळ्यांना वाढून झाल्यावर जेवायला बसणारं माणूस असतं ना घरात, तसं."

ठमे, मी त्या पलंगावर उघड्या अंगाने पडलेला म्हातारा, माझ्या डोळ्यांत पाणी आलं. तिला वाटलं, ठोकळा टोचला.

मला आपल्या दोघांच्या इयत्ता एकत्र बसवणाऱ्या कवितेच्या बाई आठवल्या. शार्दूलविक्रीडित म्हणताना बाराव्या अक्षरावर थांबायला लावायच्या. यति! सगळा वर्ग थांबायचा, आणि तू एकटी दामटत पुढे निघून जायचीस. बाई म्हणायच्या, "अगं, श्वास घे. कविता काही पळून चालली नाही." मला तेव्हा वाटायचं, ती थांबण्याची जागा म्हणजे रिकामी जागा. सत्तरी ओलांडल्यावर आज कळलं, हृदय जेवतं ते तिथेच.

घरी येताना दोन ओळी जुळल्या. भुजंगप्रयात आहे, मोजून बघ:

मिटे मूठ तेव्हा उपाशीच राही,
सुटे मूठ तेव्हा भरे सर्व काही.

चूक काढायचीच असेल तर पत्र लिहून काढ.

तुझा,
दादा


१२ फेब्रुवारी, सकाळ

चि. ठमीस,

उत्तर नाही. नसो. मी काय उत्तरासाठी लिहितो?

इकडे मी आठवडाभर मेलो होतो, ते ऐक.

त्या चाचणीचा खरा भाग दुसऱ्या दिवशी होता. शिरेतून एक औषध सोडतात. ते मिनिटा-दोन मिनिटांपुरतं त्या बारीक वाहिन्यांना सांगतं, 'उघडा गं सगळ्या जणी!' त्या उघडल्या की रक्ताचा वेग वाढतो. निरोगी माणसात दुपटीच्या वर जातो, अडीचपट, तिप्पटही. ज्यांच्या वाहिन्या हट्टाने मिटून बसतात त्यांच्यात वाढतच नाही. सूनबाईने बजावलं होतं, "बाबा, आदल्या दिवसापासून चहा नाही, कॉफी नाही, चॉकलेट नाही." मी म्हटलं, त्यात काय!

पहाटे उठलो. घर झोपलेलं. अर्धा कप म्हणजे काही चहा नव्हे, चहाची आठवण. घेतला. कप विसळून पालथा घातला, पातेलं पुसून जागेवर.

चाचणी झाली. सूनबाई पडद्याकडे बघत राहिली. पुन्हा मोजलं. मग मला तिने पांघरूण नीट घातलं. माणसं उगाच पांघरूण नीट घालायला लागली की समजावं, काहीतरी बिघडलंय.

"बाबा, चहा घेतला नव्हता ना?"

"छे!"

तुला सांगतो, परतताना गाडीत मी मनातल्या मनात मृत्युपत्र करून टाकलं. पुस्तकं कुणाला, चष्मा कुणाला. सूनबाई गाडी चालवताना नाक ओढत होती. ती रडते आहे हे बघून मला माझं मरण बरं वाटेना. म्हटलं, "अगं, अर्धाच कप होता."

तिने गाडी कडेला घेतली. मला वाटलं, उतरवते आता.

"बाबा! चहा त्या औषधाची वाट अडवतो! मी तिथे तुमच्या सगळ्या वाहिन्या निकामी ठरवून बसले होते!"

"मग त्या चांगल्या आहेत?"

"मला काय माहीत! तुम्ही मला बघू दिलंत कुठे?"

परवा पुन्हा झाली. बिनचहाची. पावणेतीनपट! औषध शिरलं तसा चेहरा गरम झाला, छातीवर कुणीतरी पोतं ठेवल्यासारखं झालं, आणि तो आवाज... आधी झुळूक होती, तिचा वारा झाला. मी आडवा पडून टाळ्या वाजवल्या, त्यामुळे तेवढं चित्र हललं आणि पुन्हा बोलणी खाल्ली.

आता मुद्द्यावर येतो. पहिल्या पत्रातही हाच मुद्दा होता, मी तो कवितेखाली झाकला होता.

ठमे, त्या आठवड्यात मी निजलो की मला तू दिसायचीस. शिडीवर. उजव्या हातात कुंचला, मान मागे, दुकानावरच्या पाटीचं शेवटचं अक्षर भरताना जीभ दातांत धरलेली. गावातल्या अर्ध्या पाट्या तुझ्या हातच्या. मेहुण्यांचा फोन येतो मला, तुझ्या नकळत. त्यांना रागावू नकोस. ते म्हणाले, तू शिडी सोडलीस. टेबलावर ठेवून रंगवता येतील एवढ्याच पाट्या घेतेस. आणि दुखतं का विचारलं तर म्हणतेस, "मला कुठे काय होतंय? डॉक्टरांनी सांगितलंय ना."

तीन वर्षांपूर्वी त्या दिवशी दवाखान्यात मी तिथेच होतो. लेकाने तुझ्या मनगटातून तार घालून, आत औषधी रंग सोडून हृदयाच्या वाहिन्यांचं चित्र काढलं. स्वच्छ निघालं. त्याला आनंद झाला गं; आत्याचं हृदय चांगलं निघाल्याचा खरा आनंद. आणि त्या आनंदात भर कॉरिडॉरमध्ये, तुझ्याबरोबर आलेल्या कारागीर मुलींसमोर, तो बोलून गेला: "आत्या, तुझं हृदय घोड्याचं आहे. दुखतंय ते इथे," आणि कपाळावर बोट आपटलं. मुली हसल्या. तू चपला घातल्यास.

मी जन्मभर नकाशे काढले. आमच्या कचेरीचा नियम होता, अमुक रुंदीच्या खालची गल्ली कागदावर घ्यायची नाही, रेघ मावतच नाही. म्हणून काय त्या गल्लीत माणसं राहत नाहीत? तिथे आग लागत नाही? लेकाचं ते चित्र हमरस्त्यांचं होतं. त्यात खोट काहीच नव्हती. बारीक वाहिन्या त्यात दिसतच नाहीत, कुणाच्याच. त्या कशा वागतात हे बघायचं तर सूनबाईच्या अंधाऱ्या खोलीत यावं लागतं.

ये.

दादा


२१ फेब्रुवारी

ठमे!

तुझं कार्ड आलं! पोस्टमनला मी आत बोलावून पाणी दिलं, तो घाबरून गेला.

कार्डावर तीनच ओळी, पण अक्षर काय ते! 'दादा, तुझ्या सुनेला गिऱ्हाईक कमी पडलंय का? एकदा वेडी ठरले तेवढं पुरे. दुसऱ्यांदा काही निघालं नाही तर मी कुठे तोंड लपवू?'

बरोबर विचारलंस. मी सूनबाईला कार्ड दाखवलं. तिने दोनदा वाचलं आणि म्हणाली, "आत्यांना खोटं आश्वासन देऊ नका. काही निघेलच असं नाही. पण निघालं नाही तर मी एवढंच म्हणेन, मला सापडलं नाही. त्यांना दुखत नाही, असं म्हणणार नाही." मी तिचे शब्द आहेत तसे उतरवले आहेत. माझ्या नव्हे, तिच्या शब्दावर ये.

लेकाला रात्रीच्या जेवणात सांगितलं. पानावर जुंपली दोघांची.

तो म्हणाला, "आत्याला पुन्हा कशाला त्या चक्रात घालतेस? वाहिन्या स्वच्छ आहेत, मी बघितल्यात."

सून म्हणाली, "तू मोठ्या बघितल्यास."

"मोठ्यांनीच माणसं मरतात."

"आणि बारक्यांनी जगणं नकोसं होतं. जिना चढताना हृदय भरभर चालतं, सैल पडायला त्याला वेळच कमी मिळतो. त्यात वाहिन्या उमलल्या नाहीत, तर दुखणार नाही तर काय? स्वच्छ नळ म्हणजे घरात पाणी आलंच, असं असतं का?"

मी मध्येच म्हटलं, "भात वाढा." कुणी वाढला नाही.

तर ये. दोन दिवस आधी ये, म्हणजे चहाचा माग उरणार नाही. मी पण सोडतो, तुला सोबत. आणि लेक तुझ्या वाटेत येणार नाही, हे मी बघतो.

दादा


१० मार्च, सकाळ

चि. ठमीस,

अभिनंदन! त्रिवार अभिनंदन! तू खरोखर आजारी आहेस!

आता हे वाचून हसलीस की रागावलीस, मला दिसत नाही, पण मला काल दुपारपासून दुसरं वाक्य सुचतच नाही. वेग दुपटीलाही पोचला नाही तुझा. जेमतेम दीडपट! वाहिन्या उमलतच नाहीत. ठमे, तुझं दुखणं खरं आहे. कपाळातलं नाही, छातीतलंच. इतकी वर्षं तू म्हणत होतीस तिथेच, तसंच.

तू निकालाची वाट न बघता निघून गेलीस, म्हणून पुढचं सांगतो.

औषध चढत होतं आणि तू ओरडलीस, "हेच! हेच ते! दादा, हेच!" तेव्हा मी पडद्याच्या बाहेर होतो. दुखताना एवढ्या आनंदाने ओरडणारं माणूस मी जन्मात पाहिलं नव्हतं. मी आत घुसणार होतो, सूनबाईने हाताने थांबवलं. नंतर ती मला म्हणाली, "त्या औषधाने छाती पुष्कळांची भरून येते बाबा, तुमचीही आली होती. नुसत्या दुखण्यावरून मी काही म्हणणार नाही. आकडा बोलेल."

आकडा काढायला ती बसली, आणि तेवढ्यात लेक आला. मी त्याला अडवायला हवं होतं, पण तो त्याच इमारतीत काम करतो, भिंतीतून आल्यासारखा येतो. त्याने यंत्राच्या पडद्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "चहा घेतला असेल. बाबांसारखा."

त्याला वाटलं, तू अजून आत आहेस. तू त्याच्या मागेच उभी होतीस, साडीचा पदर सावरत.

तू पिशवी उचललीस आणि जिन्याने उतरलीस, लिफ्टचीही वाट बघितली नाहीस. मी मागे आलो तेव्हा तू दोन मजल्यांच्या मधल्या वळणावर कठड्याला धरून उभी होतीस. उतरताना नव्हतं दुखत, तू रडत होतीस. "दादा, मी खरंच नाही रे घेतला," एवढंच म्हणालीस. मला सांगतेस? चहाच्या डब्यावर दोन दिवस मी पहारा दिला, रात्री तो उशाशी घेऊन निजलो. मला स्वतःला डोकेदुखीने भिंती दिसत नव्हत्या!

तुला गाडीत बसवून मी वर गेलो तो असा, की जिना चढल्याचं कळलंच नाही. पण मला भांडावंच लागलं नाही. सूनबाईने त्याला खुर्चीत बसवलं होतं.

"चहा घेतलेल्या माणसात औषध चढत नाही," ती म्हणत होती. "बाबांची नाडी पहिल्या वेळी हलली होती? नाही. आता हे बघ. आत्यांची नाडी वाढली, दाब उतरला, चेहरा लाल झाला. औषध पोचलंय. अंगभर पोचलंय. फक्त हृदयातल्या बारक्यांनी ऐकलं नाही. पटत नसेल तर तू मोज. मी बाहेर जाते."

आणि ती खरंच बाहेर आली, दार लावून घेतलं. आम्ही दोघं बाकावर. काचेतून तो दिसत होता. एकेक चित्र थांबवायचा, रेघ ओढायचा, मोजायचा. पुन्हा मागे जायचा. आधी तो चूक शोधत होता, ते त्याच्या खांद्यांवरून कळत होतं. मग खांदे उतरले. मग तो मोजायचा थांबला आणि नुसता ऐकत बसला. सगळा आवाज बाहेर येत होता: हूऽश. शांत. हूऽश. औषधाआधीचा आणि नंतरचा, दोन्ही जवळजवळ सारखेच, बिचारे.

बाहेर येऊन तो म्हणाला, "दीडच. माझाही दीडच आला."

सून म्हणाली, "हं."

तो म्हणाला, "तीन वर्षं तिने हे..." आणि थांबला. मला वाटलं, आता डॉक्टर बोलेल, पण माझा मुलगाच बोलला: "बाबा, मी मुलींना तिच्यावर हसवलं."

तर आता औषधं आहेत. सूनबाई म्हणते, जादू नाही, पण बऱ्याच जणांना उतार पडतो. हृदयाची घाई कमी करणारी गोळी आहे, म्हणजे दोन ठोक्यांमध्ये त्याला जरा निवांत वेळ मिळतो. वाहिन्यांना मऊ करणारी आहे. आणि रोज हळूहळू वाढवत नेत चालायचं. कुठली तुला चालेल ते दोन-तीन महिने बघत बघत ठरवावं लागेल. शिडीचं ती आत्ताच हो म्हणत नाही, नाहीही म्हणत नाही.

हे पत्र पोस्टाने आलेलं नाही, हे तुझ्या लक्षात आलं असेल. पाकिटावर तिकीट नाही. ते घेऊन तुझ्या दारात उभा आहे तो माझा मुलगा. काल संध्याकाळी मला म्हणाला, "बाबा, तुम्ही फोन करून सांगा ना तिला. तुमचं ऐकते ती." मी म्हटलं, "कपाळावर बोट मी आपटलं होतं? बोललास तू, सांगणार तू. आणि कॉरिडॉरमध्ये बोलला होतास, तेव्हा आता तिच्या कामाच्या खोलीतच सांग. मुली असताना."

हे मी लिहितोय तेव्हा तो बूट घालून दाराशी उभा आहे, गाडीची किल्ली या हातातून त्या हातात. सकाळपासून काय बोलायचं ते पुटपुटतोय. आरशासमोर एकदा म्हणून पाहिलं, मग आरशाकडे पाठ करून म्हटलं. हजारो माणसांच्या हृदयात तार घातलेला माणूस! आत्ताच विचारलं मला, "बाबा, आत्या मारेल का हो?"

मी म्हटलं, "मारलं तर सुटलास. नुसती बघत राहिली तर मात्र घाबर."

एक मागतो, ठमे. त्याचं बोलून होईपर्यंत मध्ये बोलू नकोस. मुलींनाही गप्प कर. अडखळेल तो, अडखळू दे. मग तुला जे म्हणायचं असेल ते म्हण. तीन वर्षांचं सगळं म्हण. त्याने दवाखान्यातून दिवसभराची रजा घेतली आहे, मी सांगितलंय, ऐकून घेतल्याशिवाय परत यायचं नाही.

तुझा,
दादा